संडासाची टाकी : बांधणी आणि निगा



ऊस विकास विभागाने लागण, बेणे, खते सोडून संडासाच्या टाकीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. काही जण हसतीलही. पण आमचे गटातले कर्मचारी रोज सभासदांच्या वस्त्यांवर जातात, उसाच्या नोंदी घेतात, विहिरीवर हातपाय धुतात आणि तुम्ही प्रेमाने दिलेला पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात. गेल्या काही वर्षांत मळ्यामळ्यांतून पक्की घरे उठली. २०१४ नंतर स्वच्छ भारत मिशनमध्ये ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्याकडेही संडास झाले. ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु संडास झाला म्हणजे त्याच्या मागचे सारे आपोआप ठीक होते असे नाही. टाकी विहिरीपासून वीस फुटांवर, टाकीचे पाणी उघड्या चरातून ओढ्याला, आणि त्याच ओढ्याकाठी खालच्या वस्तीची प्यायची विहीर, हा देखावा आम्ही एका नव्हे, अनेक ठिकाणी पाहतो. सगळे जमिनीखाली असल्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. उसात पोंगेमर दिसली तर दुसऱ्या दिवशी शेतकी ऑफिसला निरोप येतो. टाकीचे पाणी विहिरीत मुरते त्याचा निरोप पोरांच्या हगवणीने नाहीतर काविळीने येतो, आणि तो आमच्याकडे येत नाही, डॉक्टरांकडे जातो.

म्हणून हा विषय घेतला. वस्तीवर नळ नाही, गटार नाही. पाणी आपलेच आणि घाणही आपलीच, दोन्ही एकाच जमिनीत. तेव्हा त्यांची गाठ पडू न देणे हेही आपणच बघायचे.

टाकीत होते काय?

कारखाना आतून पाहिलेल्या सभासदांना क्लॅरिफायर आठवत असेल. चुना घातलेला गरम रस त्या मोठ्या भांड्यात संथ ठेवतात. गाळ तळाशी बसतो आणि निवळ रस वरून वाहून पुढे जातो. तळाचा गाळ काढत राहावा लागतो, तोच पुढे प्रेसमड होऊन आपल्या शेतात येतो. गाळ काढायचा थांबवला तर थोड्याच वेळात वरचा रसही गढूळ यायला लागेल.

संडासाची टाकी म्हणजे हेच काम, फक्त फार सावकाश चालणारे. आत आलेला जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग सायीसारखा वर तरंगतो, मधले पाणी तेवढे दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. तळाच्या गाळावर हवेवाचून जगणारे जंतू काम करतात. त्याने गाळ कमी होतो, वायू तयार होतो. पण गाळ संपत नाही. जो कुजत नाही तो साठत जातो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि बहुतेक घरांत नेमक्या याच दोन विसरल्या जातात. पहिली अशी की टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळलेले असले तरी शुद्ध नसते. हगवण, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू त्यात असतात. ते उघड्यावर सोडणे म्हणजे मैला उघड्यावर सोडण्यासारखेच. दुसरी अशी की गाळ ठराविक वर्षांनी काढावाच लागतो. "आमची टाकी पंधरा वर्षांत भरलीच नाही," असे अभिमानाने सांगणारे सभासद आम्हाला भेटतात. भरली नाही याचा अर्थ एवढाच की ती तळातून गळते आहे, किंवा गाळ पाण्याबरोबर बाहेर चालला आहे.

केवढी बांधावी?

खेड्यातला गवंडी सहसा सांगतो, "आण्णा, दहा बाय दहाची मारू, तळ कच्चा ठेवू, तीस वर्षं बघायला नको." ऐकायला गोड वाटते. पण कच्च्या तळाची टाकी ही टाकीच नव्हे, ती मैल्याची विहीर होय. पावसाळ्यात भूजल वर आले की खालची विहीर आणि ही विहीर एक होतात.

भारतीय मानक २४७० (भाग १, सन १९८५) मध्ये मापे दिलेली आहेत. पाच माणसांच्या घराला आतून लांबी दीड मीटर म्हणजे ५ फूट, रुंदी ७५ सेंटिमीटर म्हणजे अडीच फूट, आणि पाण्याची खोली एक मीटरभर, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन फूट पुरते. दहा माणसांना लांबी साडेसहा फूट, रुंदी ३ फूट, पाण्याची खोली साडेचार फूट. पाण्याच्या वर आणखी एक फूट मोकळी जागा, मग स्लॅब. ही मापे दोन वर्षांनी उपसा होईल असे धरून आहेत. आपल्याकडे सणावाराला, लग्नकार्याला पाहुणा भरपूर असतो हे ध्यानात घेऊन एखादे माप वाढवले तर बिघडत नाही. मात्र लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. चौकोनी हौदात पाणी एका तोंडातून येते आणि लगेच दुसऱ्यातून निघून जाते, गाळ बसायला सवड मिळत नाही.

दोन हजार लिटरच्या वरची टाकी असेल, म्हणजे वर सांगितलेली दहा माणसांची टाकी असेल, तर आत एक आडवी भिंत घ्यावी. ती आत येणाऱ्या तोंडापासून दोन तृतीयांश लांबीवर, आणि तिला भोके तळाशी नव्हे, वरही नव्हे, तर पाण्याच्या मध्यावर ठेवावीत.

जागा आणि बांधकाम

टाकीच्या जागेपेक्षा शोषखड्ड्याची जागा आधी ठरवावी. पिण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून, हातपंपापासून शोषखड्डा निदान १८ मीटर म्हणजे ६० फूट दूर हवा, आणि घरापासून ६ मीटर म्हणजे २० फूट. ही विहीर आपलीच असे नाही, बांधापलीकडच्या भावकीची असली तरी तेच अंतर. भाऊबंदकीचे दावे पुष्कळ पाहिले, पण पोरे दोन्हीकडची आजारी पडतात. शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला असावा, चढाच्या नव्हे. जिथे खडक फुटलेला आहे, चिरा आहेत, तिथे ६० फुटांवरही विसंबू नये. खडकाच्या भेगेतून पाणी गाळले न जाता सरळ चालते.

आणखी एक गोष्ट ऊसवाल्यांनाच सांगायची. टाकी वाटेत नको. तोडणीच्या वेळी भरलेली ट्रॉली नेमकी घराच्या बाजूने वळवतात, आणि तो स्लॅब माणसांच्या चालण्यासाठी टाकलेला असतो. एका वस्तीवर मागचे चाक स्लॅबमध्ये गेलेले आमच्या कर्मचाऱ्यांनी पाहिले आहे. नशीब की त्या वेळी तिथे मूल खेळत नव्हते.

काळ्या जमिनीत खड्डा थोडा मोठा घ्यावा. तळाशी दगडाची सोलिंग, त्यावर काँक्रीट, आणि भिंती उठल्या की बाहेरच्या बाजूने काळी माती परत न लोटता मुरूम भरावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वीटकामाला रेटते. आतून सिमेंटचा गिलावा नीट घोटून घ्यावा. मग पाइप जोडण्याआधी टाकी पाण्याने भरून ठेवावी. नवे वीटकाम पहिल्या दिवशी थोडे पाणी पिते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून खूण करावी आणि २४ तासांनी पाहावे. पाणी उतरले तर गळती शोधावी. ही परीक्षा गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी घ्यावी, नंतर घेऊन उपयोग नाही.

संडासापासून टाकीपर्यंत चार इंची पाइप, पन्नास फुटाला एक फूट उतार, आणि शक्यतो सरळ. वळण असेल तिथे चेंबर. टाकीतून बाहेर जाणारे तोंड आत येणाऱ्या तोंडापेक्षा दोन इंच खाली हवे. दोन्ही तोंडांना 'टी' बसवावा, त्याचा खालचा पाय पाण्यात एक फूटभर बुडालेला आणि वरचे तोंड उघडे. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा गाळलेली वस्तू हीच. टी नसला की वरची साय सरळ बाहेर जाते आणि दोन वर्षांत शोषखड्डा तुंबतो. मग दोष शोषखड्ड्याला देतात. टीची किंमत किती किरकोळ आणि शोषखड्डा पुन्हा खोदायचा खर्च किती, याचा हिशेब सभासदांनीच करावा.

स्लॅबला दोन झाकणे हवीत, दोन्ही टींच्या वर एकेक, साधारण दोन फूट बाय दीड फूट, घट्ट बसणारी आणि जमिनीपेक्षा चार बोटे उंच. अंगणाला फरशी बसवताना झाकणे फरशीखाली गाडण्याची नवी फॅशन निघाली आहे. दिसायला छान दिसते, पण उपशाच्या वेळी फरशी फोडावी लागते, आणि फोडायला नको म्हणून उपसाच होत नाही. हवेच्या नळीचा पाइप दोन इंचांपेक्षा बारीक नसावा. टाकी घराजवळ असेल तर नळी छपराच्या वर आणखी दोन मीटर न्यावी आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास अशा टाक्यांतच वाढतात. जाळी नसलेली नळी म्हणजे त्यांचे दार होय. दरवर्षी पावसाळ्याआधी जाळी तपासावी, उन्हाने ती कुजते.

वापर सुरू करण्यापूर्वी टाकी बाहेरच्या तोंडापर्यंत साध्या पाण्याने भरावी आणि चालू टाकीतला थोडा जुना गाळ, तो न मिळाल्यास गोबर गॅसची स्लरी किंवा चांगले कुजलेले शेण बादलीभर कालवून टाकावे. विरजण लावण्यासारखेच आहे ते. एकदा लागले की पुन्हा काही टाकावे लागत नाही. बाजारात पुड्या मिळतात, "टाका आणि उपसा विसरा" म्हणून. कोणी गूळ टाकायला सांगतो. कोणत्याही पुडीने गाळ काढायचे काम टळत नाही.

पाणी जिरवायचे कोठे?

सगळा लेख विसरलात तरी हा भाग विसरू नये असे आम्हांस वाटते. टाकी सगळीकडे सारखीच बांधता येते, शोषखड्डा जमीन पाहूनच करावा लागतो. आणि जमीन ओळखणे हे तर सभासदांचे रोजचे काम.

आधी जमीन पाणी किती पिते ते पाहावे. जिथे खड्डा घ्यायचा तिथे जिरवणीच्या खोलीइतके वीतभर रुंदीचे भोक घ्यावे. तळाशी दोन इंच खडी टाकून ते फूटभर पाण्याने भरावे आणि रात्रभर जिरू द्यावे. सकाळी पुन्हा थोडे पाणी घालून काठीने खूण करून, एक इंच पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर बघावे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर साधा शोषखड्डा चालेल. त्याहून जास्त वेळ लागला तर शोषखड्डा कितीही खोल घ्या, पावसाळ्यात तो भरणार आणि पाणी उलटे संडासात येणार. ही परीक्षा शक्यतो पावसाळ्याच्या अखेरीस घ्यावी. मे महिन्यात भेगाळलेली काळी जमीन कितीही पाणी पिते आणि आपल्याला फसवते.

मुरमाड, तांबड्या जमिनीत निदान तीन फूट व्यासाचा आणि आत येणाऱ्या पाइपाच्या खाली निदान तेवढाच खोल खड्डा घ्यावा. मोठ्या घराला मोठा घ्यावा. तो विटांच्या कोरड्या रचाईने, सांधे मोकळे ठेवून बांधता येतो, किंवा नुसता विटांच्या तुकड्यांनी आणि गोट्यांनी भरता येतो. तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या दोन मीटर तरी वर राहिला पाहिजे. पाणी मातीतून गाळून जाते तेव्हाच जंतू मरतात. खड्ड्याचा तळच भूजलात बुडाला तर गाळायला माती उरत नाही. "जुनी पडकी विहीर आहे, तीत सोडू" किंवा "फेल गेलेला बोअर आहे, त्यात घालू" असे विचारणारे सभासद दरवर्षी असतात. त्यांना आमचे एकच उत्तर आहे, नाही. फेल गेलेला बोअर हा चालू बोअरचा सख्खा भाऊ असतो. खाली त्यांचे पाणी एकच.

कालव्याच्या आणि लिफ्टच्या पट्ट्यात, जिथे वर्षानुवर्षे पाटाने पाणी देऊन जमिनी पाणथळ झाल्या, चोपण झाल्या, तिथे चार फूट खणले की पाणी लागते. अशा ठिकाणी खोल जाण्याऐवजी उथळ आणि लांब जावे. दोन-अडीच फूट खोल चर घ्यावा, त्यात खडीच्या थरात भोके पाडलेला पाइप टाकावा, वर माती. जमीन फारच वाईट असेल तर मुरमाचा उंचवटा करून चर त्यात घ्यावा. दुसरा उपाय पक्क्या तळाच्या खडीच्या वाफ्याचा. टाकीचे पाणी खडीच्या आतून, वर न येता, सावकाश जाते आणि वाफ्यात दाट कर्दळ लावलेली असते. कर्दळ पाणी पिते, मुळांजवळचे जंतू घाण खातात. वाफ्यातून बाहेर पडणारे थोडे पाणी फळझाडांच्या मुळाशी मातीखालून द्यावे. भाजीला, कांद्याला, कोथिंबिरीला देऊ नये. बहुतेक जमिनींना पुरेल एवढे आम्ही लिहिले आहे. अडचणीच्या जमिनीसाठी गट कार्यालयात सांगावे, आमचा कर्मचारी ऊस बघायला येईल तेव्हा जागाही बघेल.

उसाला दिले तर काय, हा प्रश्न येणारच. उसाला नत्र लागते, पाण्यात नत्र आहे, हे खरे. पण सरीतून उघडे सोडलेले ते पाणी आधी खुरपणाऱ्या बायांच्या पायाला लागते आणि मग तोडणीच्या टोळीच्या. अनवाणी पायांनी जंतांची बाधा कशी होते हे वेगळे सांगायला नको. शिवाय आपल्या विहिरींत युरियाचे नायट्रेट पुष्कळ ठिकाणी आधीच आहे. त्यात ही भर कशाला? टोळीची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगतो. टोळीच्या कोप्या शोषखड्ड्याच्या किंवा उघड्या चराच्या कडेला पडू देऊ नयेत आणि त्यांच्या बायकापोरांना चार-सहा महिने संडासाची काहीतरी सोय द्यावी. आपली विहीर त्यांच्यावरही अवलंबून असते.

मोरीचे पाणी टाकीत घेऊ नये. मानकात ते घेता येते, पण मग टाकी मोठी लागते. आपल्याकडे सकाळच्या आंघोळीचे पाणी एकदम येते आणि बसलेला गाळ उठवून बाहेर ढकलते. त्याबरोबर भांडी घासायची राख आणि मातीही येते. पूर्वीच्या बाया मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी करत, तीच पद्धत उत्तम. छपराचे पावसाचे पाणीही टाकीत नको. संडास धुवायला ॲसिड आणि फिनेल रोज ओतू नये, टाकीतले जंतू त्यानेच मरतात. ब्रश आणि थोडी साबणाची पूड पुरते. चिंध्या, पॅड, प्लास्टिक, लहान मुलांचे डायपर टाकीत गेले की पुढे टी तुंबलाच म्हणून समजावे.

टाकीच हवी का?

पुष्कळ ठिकाणी टाकीपेक्षा दोन शोषखड्ड्यांचा संडास स्वस्त आणि बरा पडतो. एक खड्डा भरेपर्यंत वापरायचा, मग पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. पहिला झाकून दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की आतले खत होते, वास राहत नाही, फावड्याने काढता येते. मुरमाड जमिनीच्या, भूजल खोल असलेल्या गावांनी याचाच विचार करावा. विहिरीपासूनचे अंतर इथेही सोडू नये.

ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यांना संडास गोबर गॅसला जोडणे हा तिसरा मार्ग. महाराष्ट्राला हे नवे नाही. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी माणसाच्या मैल्याचे खत करणारे साधे संडास तयार केले, ते गोपुरी संडास म्हणून ओळखले गेले. देहू गावात डॉ. मापुसकरांनी संडासाला गॅस जोडण्याची पद्धत वर्षानुवर्षे राबवली, त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. स्वयंपाकाला तो गॅस चालेल का म्हणून घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. ज्योत शेणाच्या गॅससारखीच निळी असते, वास नसतो. बाहेर पडणारी स्लरी मात्र पाचटाच्या खतखड्ड्यात घालून कुजवल्याखेरीज शेतात नेऊ नये.

उपसा कधी आणि कसा

वर्षातून एकदा, पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुमारास, गाळ मोजावा. लांब काठीला जुना पांढरा कपडा तीन-चार फूट गुंडाळून बांधावा. बाहेरच्या टीजवळच्या झाकणातून ती तळापर्यंत सोडावी, दोन-तीन मिनिटे धरून हळू वर काढावी. जेवढा कपडा काळा, तेवढा गाळ. वरच्या सायीची जाडी आणि हा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापुढे गेला की गाडी सांगावी. निम्म्याच्या पुढे जाऊ देऊ नये. मोजायचे झाले नाही तर दोन-तीन वर्षांनी उपसावेच. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी घराघराची टाकी ठराविक वर्षांच्या पाळीने उपसायची पद्धत घातली आहे. तक्रारीची वाट बघायची नाही, पाळी आली की गाडी येते. आपल्या मोठ्या गावांच्या ग्रामपंचायतींनी चार-पाच गावे मिळून असे करायला हरकत नाही.

झाकण उघडताना विडी-काडी दूर ठेवावी. आत मिथेन असतो, म्हणजे गोबर गॅसमध्ये जो पेटतो तोच. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्यावी आणि तोंड खाली घालून वाकून बघू नये.

आता महत्त्वाचे. टाकीत माणूस उतरवू नये. उपसायला नाही, पडलेली बादली काढायला नाही, टी बसवायला नाही, आणि आत पडलेल्या माणसाला काढायलाही नाही.

विहिरीत उतरण्याआधी आपल्याकडे कंदील सोडून बघतात. इथे ती रीत घातक आहे, कंदिलाने टाकी पेटू शकते. आणि कंदील न विझताही माणूस मरू शकतो, कारण आत हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. तो थोडा असतो तेव्हा वास येतो, फार झाला की नाकाची जाणीवच मरते आणि वास येईनासा होतो. खाली उतरलेल्याला वाटते हवा सुधारली. दोन-चार श्वासांत तो खाली बसतो. वर उभा असलेला भाऊ, मुलगा, शेजारी त्याला काढायला उतरतो आणि तोही तिथेच. एका टाकीत दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा घडतात. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून "काल उघडून ठेवली होती" यावर विसंबू नये. कोणी आत पडलाच तर ११२ ला फोन करावा, जोराने हवा मारण्याची काही सोय असेल तर ती करावी, बाहेरूनच दोर-काठी द्यावी. श्वासाचे नळकांडे असलेल्या माणसाशिवाय कोणी उतरू नये.

कायदाही आता स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम सांगणारा खाजगी घरमालक असला तरी सुटका नाही. अशा कामात मरण आल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. "तो स्वतःच्या खुशीने उतरला, हजार रुपये घेतले," हे बोलणे कोर्टात टिकत नाही. आणि कोर्ट बाजूला ठेवले तरी, वस्तीवर या कामाला कोणाला बोलावतात आणि कोणाला बोलावत नाहीत हे आपण सर्व जाणतो. आपला मुलगा ज्या भोकात सोडणार नाही, त्यात दुसऱ्याचा सोडू नये.

उपसा पंपाच्या गाडीने, पाइप सोडून करावा. गाडी वस्तीपर्यंत येईल अशी वाट आणि पाइप पोचेल अशी जागा टाकी बांधतानाच बघावी. तळाचा बोटभर गाळ विरजण म्हणून राहू द्यावा. टाकी आतून खरवडून, धुऊन, फिनेल मारून 'स्वच्छ' करू नये.

गाडी भरून चालू लागली की काम झाले असे वाटते. पण गाडी जाते कुठे ते विचारावे. जवळच्या नगरपालिकेचे मैलागाळ शुद्धीकरण केंद्र असेल तर तिथेच खाली करण्याची अट घालावी. ओढ्यात, चारीत, कालव्यात किंवा उभ्या उसात सोडू देऊ नये. "साहेब, फुकटचं खत, सोडा आमच्यात," असे सांगणारे सभासद आहेत, पण ताज्या गाळात जंतांची अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. केंद्र लांब असेल तर स्वतःच्या रानात, विहिरीपासून लांब, उंच आणि निचऱ्याच्या जागी तीन फूट खोल चर घ्यावा. तो निम्मा भरून वर दीड फूट माती ओढावी आणि दोन वर्षे तिथे नांगर घालू नये. कडेने जांभूळ, आंबा, चिंच लावली तर ती जोमाने येतात. मात्र चरावरची माती उकरणारी कुत्री आणि डुकरे यांच्यासाठी काट्या टाकाव्यात.

उपसा झाल्यावर टाकी त्याच दिवशी पाण्याने भरावी. पाणथळ जमिनीत रिकामी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची, पावसाळ्यात खालच्या पाण्याने उचलली जाते आणि पाइप तुटतात. मग झाकणे बसवून कडा सिमेंटने किंवा चिकट मातीने लिंपाव्यात. लागणीची तारीख वहीत लिहितो तशी उपशाची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारले तर घरातल्या कोणालाही सांगता येईल.

— ऊस विकास विभाग